सेव्ह करायची गरज नाही

२५ जानेवारी, रविवार

जुनी वही भरली. ही नवीन आहे, तेव्हा आधी सगळं नीट लिहून ठेवतो. उद्या मलाच आठवायचं नाही.

काल प्रेसमध्ये नवे कॉम्प्युटर आले. मालक म्हणाले, "जुन्यातलं काय हवं ते उचला." कुणी स्पीकर उचलले, कुणी खुर्ची. मी माझा कीबोर्ड घेतला. प्रूफवाल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, निदान खुर्ची तरी घ्यायचीत!" मी म्हटलं, "सवयीचा आहे." एकोणीस वर्षं याच्यावर पुस्तकं, पावत्या, पत्रिका, औषधांची लेबलं बडवली. स्पेसबारला खळगा पडलाय आणि एसचं अक्षर पार पुसून गेलंय.

एस पुसला त्याला कारण आहे. कामाला लागलो त्या वर्षी रसायनशास्त्राचं दोनशे बारा पानांचं पुस्तक वीज गेल्यामुळे एका क्षणात नाहीसं झालं होतं. त्या दिवसापासून दोन ओळी झाल्या की कंट्रोल-एस. मेनूत जाऊन 'सेव्ह' शोधायला वेळ कुणाला आहे? हाताला सांगावं लागत नाही. शिंक आली तरी आधी सेव्ह करतो, असं बाई सगळ्यांना सांगत असतात.

ठकी, म्हणजे माझी लेक, गेल्या वर्षी बर्फातल्या ठाण्यावर गेली. वारा आणि थंडी मोजायची यंत्रं तिच्या ताब्यात आहेत. अकरा माणसं आणि बाकी नुसता बर्फ. बोट वर्षातून एकदा. फोन नाही, फोटो नाही. लाइन इतकी बारीक की फक्त अक्षरं जातात, तीही आपल्या सकाळच्या सात ते नऊ. त्यासाठी तिने स्वतःचा जुना लॅपटॉप मला ठेवलाय आणि त्यात एक काळी खिडकी उघडून दिलीय. मी लिहिलं की तिकडे उमटतं, तिने लिहिलं की इकडे. तिच्या ओळीच्या शेवटी तारीख येते. भिंतीवर तिच्या हातचा कागद आहे, तो उतरवून ठेवतो:

"बाबा, ही कमांड लाइन आहे. तुमच्या प्रोग्रामसारखे मेनू इथे नाहीत, त्यांच्या खुणा इथे लावू नका. १. ओळ लिहा आणि एंटर दाबा. एंटर दाबल्याशिवाय काहीही जात नाही. २. कंट्रोल-सी नको! इथे कॉपी होत नाही, गळा आवळला जातो. ३. सेव्ह करायची गरज नाही. ४. खिडकी बंद करू नका."

दोन नंबरचा अनुभव घेऊन झालाय. तिची एक ओळ कॉपी करायला गेलो आणि सगळंच बंद पडलं. पुन्हा जोडून मिळायला ठाण्याच्या मुख्य ऑफिसला पत्र लिहावं लागलं, नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मी काय केलं ते जुन्या वहीत आहे. परत वाचायची इच्छा नाही.

२८ जानेवारी, बुधवार

लॅपटॉपला माझा कीबोर्ड जोडला. आतापर्यंत तिच्या त्या चपट्या बटणांवर दोन बोटांनी दाणे टिपत होतो. आज दहाही बोटं घरी आली.

ठकीला लगेच कळलं. "बाबा, आज एवढ्या लांब ओळी? कोण टाइप करतंय?"

"मीच. प्रेसमधला कीबोर्ड आणला."

"मग आता बोलाल का माझ्याशी नीट?"

मी लिहिलं, "इकडे थंडी कमी झाली." तिने नुसतं "हा हा हा" पाठवलं. यात हसण्यासारखं काय होतं? खरंच कमी झालीय.

तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांनीच बोलत आलो. 'दूध आहे.' 'उशीर होईल.' 'चावी शेजारी.' अकरा वर्षं त्यात काही अडलं नाही.

शेवटी सेव्ह करायला हात गेला, तेवढ्यात दाराची बेल वाजली, राहूनच गेलं. तिने लिहिलंच आहे गरज नाही म्हणून. तरी दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज तिने लिहिलं: "बाबा, दुसऱ्या वर्षासाठी थांबता का, असं मला विचारलंय. अठरा तारखेला दुपारी बाराच्या आत सही द्यायची. नाही दिली तर वीसच्या बोटीने घरी. मला ठरवता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मला वाटतं की बोट वीसला कशाला, आजच निघावी. मला वाटतं, फ्रिजवर एक तरी चिठ्ठी यावी, मग 'दूध आणलं नाहीत' अशी रागाची का असेना. पण हे लिहायचं कसं? मी ये म्हटलं आणि ती आली, तर आयुष्यभर तिच्या मनात राहील की बाबांपायी सोडलं. चाळीस मिनिटं नुसता बसलो.

मग लिहिलं, "तुझं तू ठरव." एंटर मारला, या वेळी न विसरता सेव्ह केलं आणि अंघोळीला गेलो.

१ फेब्रुवारी, रविवार

काल काही नाही, आज काही नाही. सात ते नऊ समोर बसलो होतो. पडद्यावर शेवटी तिचं "तुम्हाला काय वाटतं?" आणि त्याखाली माझं "तुझं तू ठरव." त्याखाली काळोख.

रागावली असणार. उत्तर जरा तुटक झालं हे मला मान्य आहे.

दर रविवारी मुख्य ऑफिसकडून घरच्यांना पत्रक येतं. ठाण्यावरचा प्रत्येक जण त्यात एकेक ओळ लिहितो. ठकीची आजची ओळ: "यंत्रं नीट चाललीत. माणसांचं काही सांगता येत नाही." म्हणजे कुणाशी तरी तिचं वाजलेलं दिसतंय. अकरा माणसांत वर्षभर राहायचं म्हणजे होणारच.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज माझंही काही उमटेना. "ठकी" असं लिहिलं, पडदा ढिम्म. परत लिहिलं. परत ढिम्म. म्हणजे तिने तिकडून मला बंदच केलं. लहानपणी रागावली की खोलीची कडी लावून बसायची, त्यातलाच प्रकार.

उठणार होतो. पण सात ते नऊ ही वेळ आता दुसऱ्या कशाला देता येत नाही. आणि टायपिंग करायला मला पडदा लागत नाही. मग लिहीत बसलो. बाथरूमची कडी अडकते, तेल घातलं तर आणखीच घट्ट झाली. गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही, हे उलटं कसं? बाईंनी काल एका पानात सतरा चुका काढल्या, त्यातल्या तीन चुका नव्हत्याच आणि त्यावरून आमची जुंपली. एक विषय संपला की एंटर आणि सेव्ह, सवयीप्रमाणे. दिसत काहीच नव्हतं. कुणी वाचणार नाही म्हटल्यावर बोटं भराभर चालतात, हे मला माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पत्रकात ठकीची ओळ: "कडीला तेल नेहमी डावीकडून घालावं, उजवीकडून घातलं की ती आणखी घट्ट बसते."

बापाशी अबोला आणि जगाला गृहोपयोगी सूचना! वाचून इतका राग आला की पत्रक बंद केलं. मग डावीकडून तेल घातलं. कडी सुटली.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना पत्रकातली ओळ दाखवली. चष्मा वर करून दोनदा वाचली. म्हणाल्या, "अहो, बर्फातल्या ठाण्यावर कडीला तेल कोण घालतं? ते गोठेल."

"मग त्यांच्याकडे दुसरं काही घालत असतील."

"हे तुमच्या कडीबद्दल आहे."

"तिला कुठून कळणार? आमचं बोलणं बंद आहे."

बाईंनी पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. प्रूफात चूक दिसते पण कोणती ते सापडत नाही, तेव्हा त्यांचा चेहरा असा होतो. डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवला, जास्त झाला म्हणाल्या. आजकाल त्यांचा डबा रोज जास्त होतो. एका माणसाच्या मानाने फार करतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

बाईंनीच एक दुरुस्तीवाला पाठवला. बूट न काढता आत आला, काळ्या खिडकीकडे बघून म्हणाला, "काका, हँग झालंय. बंद करून चालू करा."

"बंद केलं की नऊ दिवस जातात. अठराला सही आहे."

"कसली सही?"

"माझी नाही."

"मग तुम्हाला काय घाई?" असं म्हणून त्याने बोट पुढे केलं. मी त्याचं मनगट धरलं. तसा मी कुणाच्या अंगावर जाणारा माणूस नाही. बिचारा घाबरून निघून गेला. मी परत बसलो आणि तो का आला होता तेवढं सोडून हा सगळा प्रकार त्या आंधळ्या खिडकीत लिहून काढला; बंद तिनेच केलंय, ते तिला काय सांगायचं? बाईंना आता काय सांगायचं, हेही लिहिलं. लिहिल्यावर बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई म्हणाल्या, "ऑफिसला सरळ लिहा की खिडकी चालत नाही."

"खिडकी चालते. मुलगी बोलत नाही. असं लिहू ऑफिसला?"

"ती यायला हवीय ना तुम्हाला?"

"ती काय लहान आहे?"

"मी तिच्याबद्दल विचारलं नाही." आणि लाल पेन घेऊन पुन्हा कामाला लागल्या. काही वेळाने मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारलं की तुम्ही हवापाण्यावर जाता. लोक कंटाळून विचारायचंच सोडतात."

त्या कोणत्या लोकांबद्दल बोलत होत्या कोण जाणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पत्रक. ठकी: "विचारलेल्याचं उत्तर येईपर्यंत सही करायची नाही, असं ठरवलंय."

तीन वेळा वाचलं. म्हणजे सही अजून केलेली नाही! कुणाला काय विचारलंय ते देवाला ठाऊक. बहुतेक वरच्या साहेबांना असणार. साहेबांनी महिनाभर उत्तर देऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी जे लिहिलं ते इथेही लिहून ठेवतो. दोन ठिकाणी लिहिलं की मनावरचं ओझं निम्मं होत असेल.

तिच्या निवडीचं पत्र आलं तेव्हा ती घरात नव्हती. मी वाफ धरून पाकीट उघडलं, वाचलं, परत चिकटवलं आणि दोन दिवस कपाटात ठेवलं. होकार कळवायची मुदत चार दिवसांची होती. दोन दिवस मी विचार करत होतो की आणखी दोन दिवस गेले तर ती इथेच राहील. तिसऱ्या दिवशी सकाळी ती फ्रिजवर चिठ्ठी लावत होती: 'बाबा, गुडघ्याचं औषध आणलंय.' मी कपाट उघडलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. आजच आलं म्हणून सांगितलं.

हे सगळं त्या न दिसणाऱ्या पडद्यावर लिहिलं. खाली लिहिलं, "तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं, म्हणून तसं वागलो. चूक झाली. पुन्हा तुझ्या वाटेत येणार नाही." एंटर मारला, सेव्ह केलं.

खरं म्हणजे मला एकच अक्षर लिहायचं होतं. सतरा दिवस बाकीचं सगळं लिहून झालं, ते तेवढं राहिलं होतं. कुणी वाचणार नसेल तर लिहायला काय हरकत आहे? लिहिलं.

ये.

कधी सेव्ह केलं कळलंही नाही. उठलो तेव्हा डोळे पुसावे लागले. आता त्या खिडकीला हात लावणार नाही. सांगायचं ते सांगून झालं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तिच्या खोलीतली गादी गच्चीत टाकून उन्हं दाखवली. उशीला नवा अभ्रा घातला. कपाटातले माझे जुने कागद काढून कप्पा रिकामा केला. शेजारच्यांनी विचारलं, पाहुणे येणार आहेत का? मी म्हटलं, उन्हं चांगली पडलीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बारा वाजता मी खोकल्याच्या औषधाचं लेबल करत होतो. 'दिवसातून तीन वेळा'च्या जागी 'वर्षातून तीन वेळा' टाइप केलं. बाईंनी चूक काढली, पण आज हसल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसकडून यादी आली. काल बोट सुटली. परतणारे सात, थांबणारे चार. ठकीचं नाव थांबणाऱ्यांत आहे, तिसरं.

नावात वेलांटी चुकलीय. मी पेन घेऊन ती दुरुस्त केली. मग कळलं की मी स्वतःच्याच प्रिंटवर दुरुस्ती करतोय आणि ती कुणी छापणार नाही.

गादी गुंडाळून ठेवली.

२२ फेब्रुवारी, रविवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी सव्वाआठला खिडकी बंद करायला बसलो. चार नंबरचा नियम मोडायचा असं ठरवूनच बसलो. जिथून कुणी बोलत नाही ती खिडकी उघडी ठेवून काय करायचं? प्रेसमध्ये दिवस संपला की फाइलच्या मेनूतलं शेवटचं कलम, 'बाहेर पडा', त्याची खूण कंट्रोल-क्यू. एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी दाबलीय. या खिडकीत तिला कधी हात लावला नव्हता. आज दाबली.

खिडकी बंद झाली नाही. पडदा धावायला लागला.

आधी माझ्याच ओळी आल्या, एकावर एक. कडी, गुडघा, सतरा चुका, दुरुस्तीवाल्याचं मनगट, पाकीट, कपाट. सगळ्या उमटल्या. शेवटी 'ये' आलं आणि त्याला चिकटूनच, मध्ये जागा न सोडता, तिची पहिली ओळ सुरू झाली. ती जशी आहे तशी उतरवतो.

"येबाबा, 'तुझं तू ठरव' हे काय उत्तर झालं? (३१ जानेवारी)"

"तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं होतं. (१ फेब्रुवारी)"

"मी विचारते काय आणि तुम्ही सांगता काय? कडी! डावीकडून तेल घाला. आता उत्तर द्या. (५ फेब्रुवारी)"

"कडीचं पत्रकात पाठवलंय. तिथे तरी वाचाल. (७ फेब्रुवारी)"

"बाबा, बाई कोण? आठवडाभरात त्या अकरा वेळा आल्या. मी मोजलं. डबा रोज जास्त कसा होतो, हे तुम्हाला खरंच कळत नाही का? (१२ फेब्रुवारी)"

"तुम्ही माझ्याशी आयुष्यात एवढं बोलला नव्हता. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचते. पण विचारलेलं तेवढं सोडून सगळं सांगता. (१४ फेब्रुवारी)"

"पाकिटाचं मला तेव्हाच कळलं होतं. कडेने डिंक बाहेर आला होता. प्रेसमधला माणूस आणि पाकीट चिकटवता येऊ नये! रागावले नव्हते. उलट बरं वाटलं होतं. (१७ फेब्रुवारी)"

"पण 'वाटेत येणार नाही' म्हणजे काय समजू? थांबू, असंच ना? एक शब्द लिहा. थांब किंवा ये. तुम्ही लिहाल ते मी करीन. (१७ फेब्रुवारी)"

"नऊ वाजत आले, आता लाइन जाईल. मी समोरच बसलेय. (१८ फेब्रुवारी)"

"सही केली. तुम्ही म्हणालात तसं माझं मी ठरवलं. (१९ फेब्रुवारी)"

"बोट गेली. आता आम्ही चौघंच. तुम्ही पाच दिवस काही लिहिलं नाहीत. गुडघा बरा आहे ना? (२१ फेब्रुवारी)"

त्याखाली कर्सरची चौकट लुकलुकत होती.

मी सगळं परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, बाई वाचतात तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून. तिने कडीला उत्तर दिलंय, गुडघ्याला दिलंय, पाकिटाला दिलंय. 'ये'ला दिलेलं नाही. मान वर केली तर समोर भिंतीवर कागद. एंटर दाबल्याशिवाय काहीही जात नाही. सहा दिवस तो शब्द लिहून तयार होता आणि मी त्याच्यावर एंटर मारलाच नव्हता. सेव्ह केलं होतं.

आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी एंटर दाबला.

दोन मिनिटं काही नाही. मग, "ये? बाबा, बोट परवा गेली. आता बोट थेट पुढच्या वर्षी."

मी घडलेलं सगळं लिहिलं. कीबोर्ड, कंट्रोल-एस, आंधळा पडदा, कडीवरून बाईंना आलेली शंका, कंट्रोल-क्यू. तिचं उत्तर यायला वेळ लागला. तिकडे ती हसत होती की रडत होती, अक्षरांवरून कळत नाही.

"तुमच्या मेनूतल्या खुणा इथे लावू नका म्हणून सांगितलं होतं ना! तिथे एस म्हणजे सेव्ह. इथे कंट्रोल-एस म्हणजे थांब. दाबलं की खिडकी गप्प होते. येतं ते आत साठत राहतं, तुमचं लिहिलेलं मात्र जात राहतं. आणि कंट्रोल-क्यू म्हणजे चल पुढे."

"तू लिहिलं होतंस, सेव्ह करायची गरज नाही. करू नका असं नव्हतं लिहिलं."

"चूक माझी. तुमच्यासारख्या माणसाला 'गरज नाही' लिहून उपयोग नसतो."

मी खूप वेळ त्या एकाच गोष्टीवर अडकलो होतो. तिने सांगितलं होतं, थांब किंवा ये, एक शब्द लिहा. मी 'ये' लिहिलं आणि वर स्वतःच्या हाताने 'थांब' दाबलं. त्याच दिवशी नव्हे, सतरा दिवस, दर दोन ओळींनी.

हेही तिला लिहिलं. म्हटलं, "मला माफ कर."

नऊला चार मिनिटं होती. ती म्हणाली, "एक वर्ष आहे, बाबा. जाईल. तुम्ही ये म्हणालात, तो शब्द मी उतरवून पलंगावर चिकटवलाय. तो सेव्ह मी केलाय, तुम्ही नका करू. आणि बाईंना सांगा, कडीचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं."

लाइन गेली. मी लॅपटॉपसमोर बसून जोरात रडलो. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पुसलेल्या एसवर चिकटपट्टी लावली. तरी सकाळी हात दोनदा तिथे गेला. पट्टी लागली की मागे घेतला.

सात वाजता तिने विचारलं, "कसे आहात?"

मी लिहिलं, "इकडे थंडी कमी झाली." एंटरवर बोट नेलं आणि थांबलो. एकेक अक्षर मागे घेतलं, ओळ कोरी होईपर्यंत.

मग लिहिलं, "तुझी फार आठवण येते." वाचून पाहिलं. चूक नव्हती. एंटर दाबला.